पडण्याचे शिक्षण : आचार्य जिगोरो कानो

ज्यूदो शिकावयास गेलेल्या नवागताला आरंभी कोणालाही पाडू दिले जात नाही. मागे, पुढे आणि बाजूला कसे पडावे, हनुवटी छातीशी कशी ओढावी, पाठ टेकण्याच्या नेमक्या क्षणी हाताचा पंजा चटईवर कसा आपटावा, एवढेच त्याच्याकडून पुनःपुन्हा करवून घेतात. जपानी भाषेत या अभ्यासाला उकेमी असे नाव आहे. आपल्या तालमीत पाठीला माती लागली की कुस्ती संपते. तेथे पाठ टेकण्यापासून विद्येचा श्रीगणेशा होतो. ही रीत घालून देणारे जिगोरो कानो (१८६०-१९३८) जगाला ज्यूदोचे प्रवर्तक म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग शाळा-महाविद्यालयांच्या कारभारात गेला, आणि स्वतःला ते प्रथम शिक्षकच मानीत असत. कडक शिस्तीच्या शिक्षणातून नेतृत्व करणारी माणसे निपजतात की केवळ आज्ञाधारक अनुयायी, हा प्रश्न प्रत्येक शिक्षणपद्धतीला विचारावा लागतो. कानो यांच्या बाबतीत त्याचे उत्तर त्यांच्या सिद्धांतांपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चरित्रांत शोधणे अधिक फलदायी ठरते.

कानो यांचा जन्म कोबेजवळील मिकागे या किनाऱ्यावरच्या गावी झाला. तांदळापासून साके नावाचे मद्य तयार करण्याचा व्यवसाय त्यांच्या घराण्यात चालत आलेला होता. वडील जिरोसाकू हे दत्तक म्हणून या घरात आलेले. त्यांचा ओढा मद्यनिर्मितीपेक्षा जहाजवाहतुकीकडे आणि सरकारी कामांकडे अधिक होता. जिगोरो लहान असतानाच आई निवर्तली आणि त्यानंतर वडिलांनी मुलाला टोकियोस आणले. १८६८ च्या मेइजी सत्तांतराने जुनी सरंजामी व्यवस्था नुकतीच मोडीत निघाली होती. नव्या राजधानीत इंग्रजीचे महत्त्व वाढत होते, आणि मुलाने नवी विद्या शिकावी असे वडिलांना वाटत होते. मुलगा अभ्यासात तल्लख निघाला. पण शरीराने तो लहानखुरा व दुबळा होता. इंग्रजीच्या निवासी शाळेत दांडगी मुले त्याला मारीत, छळीत. दुबळ्यालाही बलवानावर मात करता येईल अशी एक विद्या आहे आणि तिचे नाव जुजुत्सू, असे त्याच्या कानी आले होते. वडिलांना मात्र ती कालबाह्य वाटत होती.

त्यांचे म्हणणे काही अगदीच खोटे नव्हते. सामुराईंचा वर्ग मोडला, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली, आणि जुन्या युद्धविद्यांचे गुरू निराधार झाले. त्यांतील कित्येकांनी हाडे बसविण्याचा धंदा पत्करला. ज्याला सांधे निखळविण्याचे शास्त्र अवगत, त्याला ते जुळविण्याचेही अवगत असणारच. विद्यापीठात शिकत असलेल्या तरुण कानो यांनी म्हणूनच हाडवैद्यांची दारे ठोठावण्यास आरंभ केला, आणि १८७७ मध्ये त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू लाभले. एखादा डाव कसा करावयाचा, असे शिष्याने विचारले की गुरूने त्याला उचलून आपटावे. पुन्हा विचारले की पुन्हा आपटावे, अशी फुकुदांची पद्धत होती. अंगाने शिकावे, तोंडाने विचारू नये, असा त्यामागील दंडक. कानो यांनी ही आपटणी निमूटपणे सोसली, पण प्रश्न मात्र सोडला नाही. तालमीतील एक धिप्पाड सहाध्यायी त्यांना काही केल्या आवरेना, तेव्हा त्यांनी ग्रंथालय गाठून पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके धुंडाळली, त्यांतून प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर घेऊन फेकण्याचा एक डाव उचलला आणि त्याच गड्यावर तो यशस्वी करून दाखविला. गुरुमुखाबाहेरही विद्या असते, हा साक्षात्कार त्यांना विशीच्या आतच झाला होता.

फुकुदा १८७९ मध्ये वारले. त्यानंतरचे गुरू इसो मासातोमो हेही दोनच वर्षांत गेले, आणि मग कानो किटो-र्यू या वेगळ्या परंपरेतील ईकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे शिकू लागले. प्रतिस्पर्ध्याचा तोल प्रथम ढळवावा आणि मगच त्याला फेकावे, हे ज्यूदोचे मर्मसूत्र त्यांना याच अभ्यासातून गवसले. एकीकडे टोकियो विद्यापीठात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास आणि दुसरीकडे जीर्ण होत चाललेल्या विद्येची तालीम, असा त्यांचा दुहेरी विद्यार्थिदशेचा काळ गेला. या दोहोंच्या संगमातूनच पुढचे सारे उभे राहिले.

१८८२ च्या फेब्रुवारीत टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांची जागा घेऊन कानो यांनी आपली शाळा उघडली. वय अवघे एकवीस, विद्यार्थी नऊ. शाळेस त्यांनी कोदोकान, म्हणजे मार्गाच्या अध्ययनाचे स्थान, असे नाव दिले. जुजुत्सूतील जुत्सू म्हणजे कसब. त्याच्या जागी त्यांनी दो म्हणजे मार्ग हा शब्द योजिला. हा बदल वरवरचा नव्हता. कसब हे कोणत्याही हेतूसाठी वापरता येते. मार्गावर चालणाऱ्यास मात्र आपण कोठे निघालो आहोत, हे स्वतःला विचारावे लागते. त्याच वर्षी त्यांनी एक खाजगी निवासी विद्यालय आणि एक इंग्रजीची शाळाही काढली, शिवाय सरदारपुत्रांच्या गाकुशुइन या विद्यालयात अध्यापन सुरू केले. कोदोकानचा खर्च ते बहुतांशी आपल्या पगारातून आणि भाषांतराच्या कामातून भागवीत.

या शाळेत मुक्त सराव आणि ठरीव आकृतिबंधांचा अभ्यास यांच्या जोडीला व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे ही आणखी दोन अंगे होती. ज्या गुरूने प्रश्नाला आपटणीने उत्तर दिले होते, त्याच्या शिष्याने प्रश्न विचारणे हाच अभ्यासक्रमाचा भाग केला. जुन्या परंपरांतील प्राणघातक डाव त्यांनी मुक्त सरावातून वगळले, म्हणूनच दोन जणांना पूर्ण जोराने झुंजूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा समोरासमोर उभे राहता येऊ लागले. फेकणाऱ्याने खाली जाणाऱ्याची बाही हातात धरून ठेवावी, त्याला डोक्यावर आपटू देऊ नये, ही फेकणाऱ्याची जबाबदारी ठरली. पात्रतेच्या चढत्या श्रेणी त्यांनी निश्चित केल्या आणि १८८३ मध्ये साइगो शिरो व तोमिता त्सुनेजिरो या दोघांना पहिली श्रेणी बहाल केली. ज्याच्यापाशी वरची श्रेणी, त्याने खालच्यांना शिकवावे, ही प्रथाही पडत गेली. नेतृत्वाचे धडे येथे निराळे देण्याची गरज नव्हती. आपल्याहून दुबळ्याचा देह आपल्या हाती सुरक्षित आहे, याची रोज द्यावी लागणारी कसोटी हाच तो धडा होता.

तथापि शिष्य घडविणे आणि शिष्य हाती राखणे यांत अंतर आहे, हे कानो यांना लवकरच उमगले. साइगो शिरो हा कोदोकानचा सर्वांत तेजस्वी मल्ल. १८८९ मध्ये कानो युरोपच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा मागे राहून शाळा सांभाळणाऱ्यांत तो होता. गुरू परत येण्यापूर्वीच, १८९० मध्ये, त्याने कोदोकान सोडले. पुढे तो नागासाकीत वृत्तपत्रकार झाला आणि ज्यूदोच्या जगाकडे परतला नाही. १९२२ मध्ये त्याचे निधन झाल्यावर कानो यांनी त्याला मरणोत्तर सहावी श्रेणी दिली. गेलेल्या शिष्याविषयी गुरूच्या मनात कटुता उरली नव्हती, याची ती खूण होय. तोमितांच्या मुलाने, कादंबरीकार त्सुनेओ तोमिता यांनी, साइगोच्या चरित्रावरून सुगाता सानशिरो ही व्यक्तिरेखा रचली आणि १९४३ मध्ये अकिरा कुरोसावांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी तीच निवडली.

युरोपहून परतल्यावर १८९१ मध्ये कानो क्युशू बेटावरील कुमामोतो येथील पाचव्या उच्च विद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी तेथे इंग्रजीचे अध्यापक म्हणून लाफ्काडिओ हर्न आले. त्या विद्यालयातील ज्यूदोचा सराव पाहून हर्न यांनी लिहिलेला दीर्घ निबंध १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंग्रजी वाचकांना या विद्येचा पहिला गंभीर परिचय बव्हंशी त्यातून घडला. १८९३ मध्ये कानो टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले आणि मधले खंड वगळता १९२० पर्यंत त्या पदावर राहिले. देशभरच्या माध्यमिक शाळांना शिक्षक पुरविणारी ही संस्था होती. एका विद्यालयातील विचार साऱ्या देशात पोहोचविण्याचे याहून प्रभावी साधन त्यांना मिळाले नसते.

इंग्रजीच्या जागेसाठी त्यांनी याच सुमारास नात्सुमे सोसेकी या तरुण पदवीधराला बोलाविले. शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून वावरले पाहिजे, अशी अपेक्षा कानो यांनी मांडताच सोसेकींनी आपण त्या योग्यतेचे नाही असे सांगून नकार दिला. या प्रांजळपणामुळे तर तुम्ही अधिकच हवेसे वाटता, अशा आशयाचे बोलून कानो यांनी त्यांना राजी केले. ही हकीकत सोसेकींनी स्वतः १९१४ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगितली आहे. त्यांच्या बोच्चान या १९०६ च्या कादंबरीतही मुख्याध्यापकाचा असाच उपदेश ऐकून नायक नेमणुकीचा कागद परत करावयास निघतो. सोसेकी दोन वर्षांनी ती नोकरी सोडून गेले. आदर्शाचा आग्रह सच्च्या माणसाला जाचतो, हे कानो यांना कदाचित दिसले नसेल. पण त्या सच्चेपणाची पारख मात्र त्यांना होती.

हीच गुंतागुंत त्यांच्या चिनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत अधिक तीव्रतेने प्रकट झाली. जपानशी झालेल्या युद्धात १८९५ मध्ये पराभूत झालेल्या चीनने पुढच्याच वर्षी तेरा विद्यार्थी जपानला धाडले आणि जपानी सरकारने त्यांची शिक्षणव्यवस्था कानो यांच्यावर सोपविली. त्या लहानशा वर्गातून १९०२ मध्ये कोबुन गाकुइन हे विद्यालय उभे राहिले. १९०९ मध्ये ते बंद होईपर्यंत सात हजारांहून अधिक चिनी तरुणांनी तेथे प्रवेश घेतला. त्यांच्यासाठी ज्यूदोची एक शाखाही उघडण्यात आली. १९०२ च्या चीनदौऱ्यानंतर कानो यांनी विद्यार्थ्यांशी चर्चा केली, तेव्हा सुधारणा शांततेने, क्रमाक्रमाने आणि प्रस्थापित राजवट मान्य करून व्हावी, असे मत त्यांनी मांडले. यांग दू या विद्यार्थ्याने त्यांना उघड विरोध केला आणि ही चर्चा लियांग छिचाव यांच्या नियतकालिकात छापूनही आली. प्रश्नोत्तरांना शिक्षणाचे अंग मानणाऱ्या शिक्षकाच्या सिद्धांताची ही खरी परीक्षा होती. आणि वाद झाला, तो छापला गेला, तरी विद्यालय चालू राहिले.

त्याच वर्षी दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याचे नाव चौ शुरेन. पुढे लू शुन या नावाने तो आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी ठरला. त्याने येथे भाषा शिकली, ज्यूदोच्या शाखेत नाव नोंदविले आणि मांचू राजवटीचे चिन्ह असलेली आपली वेणी कापून टाकली. चीनमधील कन्फ्यूशियसच्या जाचाला कंटाळून आपण येथे आलो, आणि येथील शिक्षकांनी आपल्याला टोकियोच्या कन्फ्यूशियस मंदिरातच वंदनासाठी नेले, अशी उपरोधिक आठवण त्याने १९३५ मध्ये लिहून ठेविली आहे. ज्या शिक्षणात नव्या विज्ञानाची कवाडे उघडी होती, त्यातच जुन्या नीतीपुढे मस्तक नमविण्याची अपेक्षाही होती. याच विद्यालयात शिकलेला हुआंग शिंग १९११ च्या क्रांतीचा एक प्रमुख सेनानी झाला. यांग छांगची या दुसऱ्या विद्यार्थ्याने मायदेशी परतून छांगशा येथे अध्यापन केले. त्याचा शिष्य माओ त्सेतुंग याने १९१७ मध्ये शारीरिक शिक्षणावर लिहिलेल्या लेखात, दुर्बळ शरीरातून असामान्य बळ कमावणाऱ्यांची उदाहरणे देताना अमेरिकेचे रूझवेल्ट आणि जर्मनीचे सँडो यांच्यासमवेत कानो यांचे नाव घेतले. क्रमिक सुधारणेचा उपदेश करणाऱ्या आचार्याच्या छायेतून क्रांतिकारक बाहेर पडले. यास त्यांच्या शिक्षणाचे अपयश म्हणावे की यश, याचा निर्णय सोपा नाही. मात्र जे शिक्षण विद्यार्थ्याला गुरूच्या मताविरुद्ध उभे राहण्याचे बळ देते, ते केवळ आज्ञापालनाचे शिक्षण नव्हते, एवढे निश्चित.

१९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर कानो यांची निवड झाली. समितीचे ते पहिले आशियाई सदस्य. १९११ मध्ये त्यांनी जपानची राष्ट्रीय क्रीडासंघटना स्थापन केली आणि पुढच्या वर्षी स्टॉकहोमला दोन खेळाडू नेले : धावपटू मिशिमा याहिको आणि मॅरेथॉनसाठी कानाकुरी शिझो. कानाकुरी हा कानो यांच्याच अध्यापक विद्यालयाचा विद्यार्थी. जाण्यास तो कचरत होता. कानो यांनी त्याची समजूत घातली आणि प्रवासखर्चासाठी विद्यालयात वर्गणी गोळा झाली. सायबेरियातून रेल्वेचा लांबचा प्रवास करून तो पोहोचला. १४ जुलै १९१२ च्या भीषण उन्हात, पायांत जपानी कापडी पादत्राणे घालून धावताना तो अर्ध्याहून अधिक अंतर काटल्यावर कोसळला. वाटेवरच्या एका कुटुंबाने त्याची शुश्रूषा केली आणि अधिकाऱ्यांना न कळविताच तो परतला. त्याच शर्यतीत पोर्तुगालच्या एका धावपटूला प्राण गमवावे लागले होते.

पडल्यावर उठावे कसे, याचे शिक्षण येथे उपयोगी आले. कानाकुरी मायदेशी परतून शिक्षक झाला आणि दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा प्रसार हे त्याने जीवितकार्य मानले. टोकियो ते हाकोने या महाविद्यालयीन टप्पाशर्यतीच्या १९२० मधील आरंभामागे त्याचा पुढाकार होता. ती शर्यत आज साऱ्या जपानचा नववर्षाचा सोहळा होऊन बसली आहे. १९६७ मध्ये स्वीडनने त्याला सन्मानाने बोलाविले आणि पंचाहत्तरीतील कानाकुरीने आपली अपुरी शर्यत पुरी केली. नोंदलेला वेळ होता ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद.

वयाच्या साठीनंतर कानो यांनी आपल्या विचाराला दोन सूत्रांत बांधले : शक्तीचा सर्वोत्तम उपयोग, आणि स्व व पर यांचा एकत्रित उत्कर्ष. स्त्रियांना ज्यूदो शिकविण्यास त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच सुरुवात केली होती; १९२६ मध्ये कोदोकानमध्ये स्त्रियांचा स्वतंत्र विभाग निघाला. त्यांच्या पहिल्या गुरूंची, फुकुदांची, नात केइको हिला त्यांनीच या विभागात येण्यास सांगितले आणि १९३५ मध्ये ती दाखल झाली. संस्थेचे नियम मात्र संस्थापकाइतके उदार राहिले नाहीत. पाचव्या श्रेणीच्या पुढे स्त्रीला जाऊ न देणारी भिंत १९७२ पर्यंत उभी होती. केइको फुकुदांना २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतील ज्यूदो संघटनेने दहावी श्रेणी दिली. भारताशीही या विद्येचा दुवा जुळला तो शिक्षणाच्याच मार्गाने. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोदोकानचे शिंझो ताकागाकी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आले, आणि तेथे मुलांबरोबर मुलीही ज्यूदो शिकल्या.

कानो यांच्या आयुष्याचे शेवटचे पर्व मात्र क्लेशकारक आहे. १९४० च्या ऑलिंपिक स्पर्धा टोकियोस व्हाव्यात यासाठी ते १९३२ पासून झटत होते, आणि १९३६ मध्ये बर्लिन येथे तसा निर्णयही झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, तीही त्याच वर्षी त्याच शहरात. आशियाच्या क्रीडापरंपरेला जगाच्या पंक्तीत स्थान मिळावे ही आकांक्षा निखळ होती, पण ती पुरी होऊ पाहत होती नाझींच्या झेंड्याखाली. १९३७ च्या जुलैत जपानी सैन्याने चीनवर पूर्ण युद्ध लादले. ज्या देशातील हजारो तरुणांना कानो यांनी शिकविले होते, त्याच देशावर त्यांचा देश बाँब टाकीत होता. असे असताना १९३८ च्या मार्चमध्ये कैरो येथील बैठकीत, स्पर्धा टोकियोसच राहाव्यात, असा युक्तिवाद सत्याहत्तर वर्षांच्या या वृद्धाने केला. खेळ राजकारणापासून अलिप्त राहू शकतात, ही त्यांची श्रद्धा. स्व व पर यांच्या एकत्रित उत्कर्षाचे सूत्र सांगणाऱ्याने त्या युद्धाविरुद्ध जाहीरपणे उभे राहावयास हवे होते, असे आजच्या वाचकास वाटल्याशिवाय राहत नाही. शिष्यांना स्वतंत्र वाट चोखाळू देणारे कानो स्वतः राज्यसंस्थेची वाट सोडू शकले नाहीत. ही त्यांची मर्यादा आदरापोटी झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

कैरोहून अमेरिकामार्गे परतताना व्हँकुव्हर येथे ते हिकावा मारू या जहाजावर चढले आणि योकोहामा दोन दिवसांच्या अंतरावर असताना, ४ मे १९३८ रोजी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. जुलैमध्ये जपानने स्पर्धांचे यजमानपद सोडून दिले. टोकियोचे ऑलिंपिक भरले ते १९६४ मध्ये, आणि त्यात ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटन गेसिंकने जपानच्या आकिओ कामिनागाला सर्वांदेखत चीत केले. सभागृह सुन्न झाले. गेसिंकचे देशबांधव आनंदाने चटईकडे धावले, तेव्हा खाली प्रतिस्पर्धी अजून उठावयाचा होता. गेसिंकने हात उंचावून त्यांना जागच्या जागी थोपविले, आणि मग दोघांनी एकमेकांना रीतीप्रमाणे वंदन केले. कानो यांना त्याने कधी पाहिलेले नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचली होती ती केवळ त्यांनी घालून दिलेली रीत. एइशोजीच्या बारा चटयांवर सुरू झालेले शिक्षण एका परक्या विजेत्याच्या त्या उंचावलेल्या हातात जपानी प्रेक्षकांनी ओळखले असले पाहिजे.